मित्रास पत्र : एकच अल्बम, निरनिराळ्या तबकड्या

पुणे,
१४ ऑगस्ट

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. न्यू जर्सीतल्या जुन्या रेकॉर्डांच्या दुकानातून लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘लेड झेपेलिन टू’ची जुनी अमेरिकन प्रत तू घेतलीस, त्याच अल्बमची अलीकडची जाडजूड प्रतही मागवलीस आणि दोन्ही एकापाठोपाठ ऐकल्यास, हे वाचून मला हेवा वाटला. नवी प्रत खरखर न करता वाजते, तरीही मन जुनीकडेच ओढ घेते, याचे तुला नवल वाटते आणि जुन्या रेकॉर्डी नेहमीच सरस असतात का, असे तू विचारतोस. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र तुझ्या कानांनी तुला फसवले आहे, असेही मी म्हणणार नाही.

आपण ‘रेकॉर्डचा आवाज’ म्हणून ज्याची स्तुती करतो, त्यातला मोठा भाग खरे तर एका माणसाच्या निर्णयांचा असतो. स्टुडिओतून आलेली मास्टर टेप यंत्रावर लावून तिच्यावरून लॅकरचा मऊ थर दिलेल्या तबकडीवर खाच कोरणारा अभियंता तो माणूस होय. टेपवर जे आहे ते सगळे जसेच्या तसे खाचेत मावत नाही. खर्जातल्या स्वरांसाठी सुईला दोन्ही बाजूंना फार हलावे लागते, खाच रुंद होते आणि शेजारच्या खाचेत घुसू लागते. म्हणून कोरताना खर्ज ठरावीक प्रमाणात उतरवतात, वरचे स्वर चढवतात आणि घरातला फोनो प्रीअँप, म्हणजे सुईकडून आलेला क्षीण आवाज वाढवणारे यंत्र, नेमके उलट करून मूळ तोल परत आणतो. आरआयएए या अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने १९५४ साली यासाठी एक प्रमाण ठरवून दिले आणि पुढे तेच सर्वत्र रूढ झाले. त्या चौकटीच्या आत मात्र किती जोराने कोरायचे, किती खर्ज राहू द्यायचा आणि सुई उडण्याचा धोका कुठवर पत्करायचा, हे त्या माणसाच्या धाडसावर आणि समजुतीवर अवलंबून असते.

तुझ्या हातातला अल्बम हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. ऑक्टोबर १९६९ मध्ये तो निघाला, तेव्हा न्यूयॉर्कच्या स्टर्लिंग साउंडमध्ये बॉब लडविग या तरुण अभियंत्याने त्याचे कटिंग, म्हणजे हे खाच कोरण्याचे काम, केले आणि ते कसलीही भीड न बाळगता केले. पुढे लडविगने स्वतः सांगितलेली हकीकत अशी की, तो अल्बम काढणाऱ्या अटलांटिक कंपनीचे अहमत एर्तेगुन यांनी ती रेकॉर्ड आपल्या मुलीला दिली आणि तिच्या स्वस्तातल्या प्लेयरवर सुई खाचेतून उडू लागली. रेकॉर्डमध्येच दोष आहे असे ठरवून कंपनीने खर्ज आणि जोर दोन्ही उतरवून नवे कटिंग करून घेतले आणि त्यानंतर जगाने बहुतांशी ते सौम्य रूपच ऐकले. एका मुलीच्या प्लेयरमुळे एका पिढीच्या कानांवर पडणारा आवाज बदलला, याची मला अजूनही गंमत वाटते.

लडविगच्या कटिंगची एक प्रत माझ्याकडे आहे. कव्हर फाटलेले, पहिल्या बाजूवर दोन ठिकाणी टिक् टिक्, पण पहिल्याच गाण्याच्या मध्यभागी, जिथे गिटार थांबते आणि बँडचा गिटारवादक जिमी पेज व ध्वनी अभियंता एडी क्रेमर यांनी मिक्सिंगच्या वेळी डावीउजवीकडे भिरकावलेले ते भुताटकीसारखे आवाज संपून जॉन बॉनमचे ड्रम परत येतात, तिथे खोलीतली हवा छातीवर आदळते. तिसऱ्या गाण्यात जॉन पॉल जोन्सची बास गिटार केवळ खाली घुमत राहत नाही, तर एखाद्या स्वतंत्र गायकासारखी पुढे येऊन बोलते. नंतरच्या कटिंगच्या प्रतीवर हेच वादन ऐकले की सुरावट तीच, वादकही तेच, पण सगळे दोन पावले मागे सरकून उभे असल्यासारखे वाटतात. पेजच्या देखरेखीखाली २०१४ साली निघालेली आवृत्ती डिजिटल रूपांतरावरून केलेली आहे आणि ती मला वाईट मुळीच वाटत नाही. तिच्यातली वाद्ये सुटी व स्पष्ट ऐकू येतात, सिंबल, म्हणजे ड्रमजवळच्या धातूच्या थाळ्या, कानाला टोचत नाहीत आणि सौम्य कटिंगच्या घासलेल्या जुन्या प्रतीपेक्षा ती मी केव्हाही पसंत करीन. तुझी नवी प्रत हीच असावी, असा माझा तर्क आहे.

तेव्हा तुझी जुनी प्रत नेमकी कोणती, हे आधी पाहा. लेबल आणि शेवटची खाच यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर प्रकाश तिरपा पाडलास, तर हाताने कोरलेली बारीक अक्षरे दिसतील. तिथे ‘आर एल’ आणि ‘एस एस’ ही अक्षरे असतील, तर ती लडविग (बॉब म्हणजेच रॉबर्ट) आणि स्टर्लिंग साउंड यांची खूण समज आणि दुकानदाराला ते ठाऊक नव्हते याबद्दल देवाचे आभार मान. इंग्लंडमध्ये जॉर्ज पेकहॅम हा अभियंता याच पट्टीवर ‘अ पोर्की प्राइम कट’ असे मिश्कीलपणे कोरून ठेवत असे. ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीची रीत अधिक कारकुनी होती. ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या नावावरून घेतलेली जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी ही दहा अक्षरे त्यांनी १ ते ९ आणि ० या अंकांच्या जागी वापरली, त्यामुळे पट्टीवर ‘जी आर’ दिसले की ती बाजू बाराव्या स्टँपरची, म्हणजे रेकॉर्डी छापणाऱ्या बाराव्या धातूच्या साच्याची, हे घरबसल्या कळते. कव्हरवर लावलेल्या ‘१८० ग्रॅम’च्या चकचकीत स्टिकरपेक्षा ही अक्षरे मला कितीतरी अधिक विश्वसनीय वाटतात. जाड तबकडी हाताला भारदस्त लागते एवढेच. खाचेची खोली काही तिच्या वजनाने वाढत नाही.

तू पिंक फ्लॉइड या बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’विषयीही विचारले आहेस. १९७३ चा हा अल्बम अ‍ॅबी रोड स्टुडिओत अ‍ॅलन पार्सन्सने ध्वनिमुद्रित केला आणि प्रती तपासण्यासाठी त्याच्याइतका सोयीचा अल्बम दुसरा नाही. सुरुवातीलाच हृदयाचे ठोके अगदी हळू उमटतात, त्यामुळे प्लॅस्टिकचा दर्जा आणि खाचेतली धूळ तिथेच उघडी पडते. पहिल्या बाजूची खरी परीक्षा मात्र शेवटी आहे. रेकॉर्ड एकाच गतीने फिरत असली, तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ तीच जेमतेम २१ सेंटिमीटरवर येते. म्हणजे तेवढ्याच स्वरासाठी निम्म्याहूनही कमी जागा उरते आणि वरचे स्वर फाटू लागतात. नेमक्या त्या अडचणीच्या जागी क्लेअर टोरी या गायिकेचा तो शब्दांविना आकाशाला भिडणारा आवाज येतो! हार्वेस्ट या लेबलच्या पहिल्या ब्रिटिश प्रतींवर, ज्यांच्या लेबलावर भरीव निळा त्रिकोण आहे, तो आवाज चढत जातो तसा रुंदावत जातो. सुई झिजलेली असेल किंवा कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) नीट बसवलेले नसेल, तर तीच प्रत किंचाळते. याच अल्बमची मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीने १९७९ साली काढलेली प्रतही मी ऐकली आहे. स्टॅन रिकर या अभियंत्याने तिचे कटिंग निम्म्या गतीने केले होते. टेप आणि यंत्र दोन्ही निम्म्या वेगाने चालवले की २०,००० हर्ट्झचा स्वर कोरणाऱ्या सुईला १०,००० चाच भासतो आणि ती तो निवांतपणे कोरते. त्या प्रतीवरची, ‘टाइम’ या गाण्याच्या सुरुवातीची घड्याळे लखलखीत वाजतात यात वाद नाही, परंतु मला ती काहीशी अधिक लखलखीत वाटतात.

आता एक सावधगिरीची गोष्ट. दोन प्रतींची तुलना करताना त्यांचा आवाज आधी समान पातळीवर आण. जोराने कोरलेली प्रत व्हॉल्यूमला हात न लावताही मोठी वाजते आणि थोडे मोठे वाजणारे ते चांगले, अशी आपल्या कानांची सवय असते. फोनवरचे आवाज मोजणारे अ‍ॅप एवढ्यापुरते चालते. दोन्ही प्रती धुऊन घे, सुईचा भार तोच ठेव आणि शक्य झाले तर वहिनींना रेकॉर्ड बदलायला सांगून तू भिंतीकडे तोंड करून बस. माझ्याकडे हा प्रयोग होतो तेव्हा घरची मंडळी हसतात, पण बऱ्याच ठाम मतांची हवा त्यात निघून जाते. २०२२ साली जे घडले ते तुला आठवत असेल. मोबाइल फिडेलिटीच्या अनेक रेकॉर्डी टेपवरून थेट न कोरता मध्ये डिजिटल टप्पा घेऊन केल्या होत्या, हे उघड झाले आणि ज्यांनी त्याच रेकॉर्डींना शुद्ध अ‍ॅनलॉगची परिसीमा म्हटले होते, त्यांतले अनेक जण रातोरात नाराज झाले. मला त्यातून एवढेच दिसले की कटिंग निगुतीने केलेले असेल, तर कानाला तक्रार करायला जागा राहत नाही. निव्वळ मोजमापाने पाहिले, तर सीडीची ९६ डेसिबलची झेप, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर, रेकॉर्डला कधीच गाठता येत नाही आणि ते कबूल करायला आपल्याला संकोच वाटू नये.

फ्लीटवुड मॅक या बँडच्या १९७७ च्या ‘रूमर्स’ या अल्बमबद्दल थोडक्यात लिहितो. एकावर एक ध्वनिमुद्रण करता करता त्याची मूळ टेप झिजली होती आणि ड्रमची टेप जपून ठेवलेल्या दुसऱ्या टेपवरून कानाने जुळवून घ्यावी लागली होती. केन पेरीच्या कटिंगच्या जुन्या अमेरिकन प्रती सुरेख वाजतात व अजून सहज मिळतात. स्टीव्ह हॉफमन आणि केव्हिन ग्रे यांनी केलेली ४५ आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी, दोन तबकड्यांची आवृत्ती त्याहूनही मोकळी आहे, कारण गती वाढली की मघाशी सांगितलेली लेबलाजवळची कोंडी सुटते. मात्र दर दोनतीन गाण्यांनी उठून बाजू बदलायचा माझ्यासारख्याला आता कंटाळा येतो.

आपल्याकडच्या प्रतींना तू हसू नकोस. ग्रामोफोन कंपनीच्या कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात निघालेल्या बीटल्सच्या अनेक रेकॉर्डींवर ब्रिटिश प्रतींचेच मॅट्रिक्स क्रमांक (त्या गुळगुळीत पट्टीवरचे कटिंगचे क्रमांक) आहेत, म्हणजे कटिंग अस्सल अ‍ॅबी रोडचे. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’चे मोनो मिक्सिंग बीटल्सच्या उपस्थितीत झाले आणि स्टिरिओचे त्यांच्याशिवाय, त्यामुळे मोनो प्रतीला वेगळे मोल आहे. दुर्दैव असे की आपल्या घराघरांतल्या जड सुयांनी त्या खाचा खरवडल्या आणि उरलेले काम पावसाळ्यातल्या बुरशीने केले. मुंबईच्या चोरबाजारात अशी प्रत हाती आली की मी आधी ती उजेडात धरून तिच्यावरची चमक पाहतो. करडी झालेली खाच कितीही धुतली तरी परत येत नाही.

तुझ्या प्रतीवरची अक्षरे वाचून कळव आणि कळवताना दोन्ही बाजूंची लिही. कारखान्यात दोन बाजूंचे स्टँपर स्वतंत्रपणे बसवत असत, त्यामुळे एका बाजूला लडविगची खूण आणि दुसऱ्या बाजूला भलतेच कटिंग, अशाही प्रती बाहेर पडल्या आहेत. तुझी तशी निघाली, तर तुला दोन कटिंगची तुलना एकाच तबकडीवर करता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत