शाळांवरील आकाशालाही हद्द हवी

गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या शाळेत कवायत सुरू असताना एक ड्रोन मैदानावर बराच वेळ घिरट्या घालत होता, आणि तो कोणाचा व चित्रण कशासाठी, हे अखेरपर्यंत कळले नाही. ‘ड्रोन नियम, २०२१’नुसार हरित क्षेत्रात, म्हणजे ड्रोनसाठी मोकळ्या ठेवलेल्या आकाशात, ४०० फूट उंचीपर्यंत उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही. राज्य सरकार वा पोलिसांना तात्पुरते लाल क्षेत्र, म्हणजे ड्रोनबंदीचा भाग, घोषित करता येते, पण एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांसाठीच. सभा-मिरवणुकीला तेवढे पुरते. शाळा वर्षभर भरते. विमानतळांभोवती जशा हद्दी नकाशावर आखल्या जातात, तशा शाळा, वसतिगृहे व बालगृहांभोवतीही केंद्राने कायमच्या आखाव्यात आणि शाळेच्या लेखी संमतीने होणाऱ्या स्नेहसंमेलनाच्या चित्रणापुरतीच सवलत ठेवावी, ही कळकळीची विनंती.

— एक पालक, पुणे