कुंडीला पाणी कोण घालतं, तेही बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बातम्या वाचून डोकं भणभणतंय, काम आवरत नाहीये, रात्री झोप लागत नाहीये असे दिवस आले की पेपरांच्या पुरवण्यांमध्ये एक लेख हमखास येतो, 'घरात ही पाच झाडं ठेवा आणि टेन्शन पळवा' टाइपचा. तुमच्याकडेही येतो. माझा झाडांना विरोध वगैरे अजिबात नाहीये, उलट मी झाडवेड्यांपैकीच आहे, पण त्या लेखांत जे कारण देतात ते बऱ्याचदा फसवं असतं आणि खरं जे आहे ते राहूनच जातं, म्हणून हे पत्र.

पहिलं कारण ठरलेलं, झाडं हवा शुद्ध करतात आणि 'नासाने सिद्ध केलंय'. नासाचा तो अभ्यास 1989 चा. बेन्झीन, फॉर्मल्डिहाइड असले अपायकारक वायू छोट्या हवाबंद पेटीत सोडायचे, आत झाड ठेवायचं आणि वायू किती कमी झाला ते मोजायचं, असे ते प्रयोग होते. आता आपलं घर काय हवाबंद पेटी आहे का? दारं उघडतात, फटीतून वारा येतो, लोक ये-जा करतात. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी असे जुने बरेच प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला, तर साध्या हवा खेळण्याने जेवढा फरक पडतो तेवढा झाडांनी पाडायचा असेल तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील असं निघालं. म्हणजे बसायला जागा नाही उरायची! खिडकी उघडा, काम झालं. आणि स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं म्हणून उशाशी ठेवा हे जे सांगतात ना, त्याचीही तीच गत, एका कुंडीने खोलीतल्या ऑक्सिजनमध्ये काही जाणवण्यासारखा फरक पडत नाही. रात्री झाडापाशी झोपलं तर गुदमरतं ही उलटी भीतीही तितकीच पोकळ आहे, शेजारी झोपलेला माणूस झाडापेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि त्याला कोणी बाहेर काढत नाही.

मग झाडांचा मनाला उपयोग नाही का? आहे की. रॉजर उलरिक या संशोधकांचा 1984 चा अभ्यास बऱ्याच जणांनी ऐकला असेल, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते पेशंट, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनेची जोरदार औषधंही कमी लागली. पेशंट होते फक्त 46, आणि ती झाडं खिडकीबाहेरची, कुंडीतली नव्हेत, त्यामुळे फार ताणू नये, पण हिरवं बघून जिवाला बरं वाटतं हे काही अगदीच मनाचे खेळ नाहीत.

मला जास्त पटतो तो दुसरा एक अभ्यास, एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांचा, 1976 सालचा, अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमातला. तिथे दोन मजल्यांवरच्या आजी-आजोबांना झाडं दिली. एका मजल्यावर सांगितलं की हे झाड तुमचं, निवडा आणि तुम्हीच सांभाळा, शिवाय खोली कशी लावायची, सिनेमा कधी बघायचा हेही तुम्हीच ठरवा. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं की झाड तुमचंच आहे पण पाणी नर्स घालतील, तुम्ही काळजी करू नका. तीनेक आठवड्यांनी बघितलं तर पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त खुशीत होती, जास्त हिंडती-फिरती होती, आणि हे त्यांचंच म्हणणं नाही, नर्सेसनीही तसंच नोंदवलं. आता यात झाडाचा वाटा किती आणि बाकीच्या गोष्टी स्वतः ठरवण्याचा किती हे वेगळं काढता येत नाही, माणसंही शंभराच्या आतच होती. पण झाड तर दोन्हीकडे होतं ना! फरक पडला तो माझं मी बघतोय या भावनेने, असं माझं तरी मत आहे, आणि तुमच्या पुरवणीत नेमकी हीच गोष्ट कधी येत नाही कारण ती नर्सरीतून विकत आणता येत नाही.

ताणाच्या दिवसांत माणसाच्या हातात काहीच नसतं, नोकरी राहील का माहीत नाही, घरात कोणी आजारी, फोनवर एकामागून एक भयंकर बातम्या. अशा वेळी सकाळी उठून कुंडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायचं, ओल लागली तर पाणी न घालता परत यायचं, कोरडं लागलं तर घालायचं, एवढं एक काम असं असतं की जे आपल्याला कळतं आणि पूर्ण होतं. पीस लिली बघा, पाणी कमी पडलं की अशी मान टाकते की आता गेलीच वाटतं, आणि पाणी मिळालं की काही तासांत ताठ उभी. मनी प्लांटची फांदी पेराच्या जरा खाली कापून बाटलीत ठेवली तर त्याच पेरातून आधी बारीक पांढरट टोक दिसतं आणि मग मूळ लांबत जातं, ते रोज वाकून बघायचा नाद लागतो आणि तेवढा वेळ तरी फोन हातात नसतो.

पण याची दुसरी बाजूही लिहा ना कधीतरी. ज्याला खरंच डिप्रेशन आहे, अंथरुणातून उठवत नाहीये, त्याला 'अरे एखादं झाड लाव, बरं वाटेल' म्हणून कुंडी आणून देणं म्हणजे त्याच्या डोक्यावर अजून एक काम, आणि ते झाड वाळलं की 'मला साधं झाडही जगवता येत नाही' हे वर. नवशिक्यांची घरातली झाडं बहुतेक वेळा वाळून नव्हे, तर जास्त पाण्याने मुळं कुजून मरतात, म्हणजे जास्त काळजी केल्यामुळे, आणि कुंडीला खाली भोक नसेल तर विचारूच नका. झाड मेलं तर मेलं, त्यात कोणाची लायकी ठरत नाही हे कोणीतरी छापून सांगायला हवं. आणि औषध, समुपदेशन याला कुंडी पर्याय नाही हेही.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा झाडाच्या नावापुढे त्याला उजेड किती लागतो ते लिहा, कारण खिडकीपासून चार पावलं आत गेलं की आपल्या डोळ्यांना जाणवत नाही पण झाडाला उजेड फारच कमी पडतो, झीझी प्लांट किंवा स्नेक प्लांट तिथेही तग धरतील, सक्युलंट म्हणजे जाड रसाळ पानांची झाडं नाही धरणार. मनी प्लांट, डायफेनबेकिया, पीस लिली ही चघळली तर तोंडाची आग होते, कुत्र्या-मांजरांना आणि रांगत्या बाळांना त्रास होतो, ती ज्या घरी असतील तिथे स्पायडर प्लांट बरं, हेही लिहा. आणि त्याच पानावर मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर द्या, कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात नको, फोटोच्या खाली ठळक.

आपली,
एक नियमित वाचक