जनरल आयझेनहॉवर यांचा गोठा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धातील नॉर्मंडीच्या चढाईच्या निमित्ताने आपल्या दैनिकात आलेला, त्या चढाईचे सरसेनापती आणि पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जनरल ड्वाइट आयझेनहॉवर यांच्यावरील लेख वाचला. लेख माहितीपूर्ण आहे. मात्र लढाई आणि राष्ट्राध्यक्षपद यांना भरपूर जागा देऊन त्यांची शेती एका वाक्यात उरकली आहे. पशुसंवर्धन खात्यात हयात घालवलेल्या माझ्यासारख्या वाचकाला ती उणीव जाणवली, म्हणून हे पत्र.

कॅन्ससमधील ॲबिलीन या गावी ते वाढले. टेक्सासहून हाकत आणलेले गुरांचे कळप एके काळी याच गावी रेल्वेत चढवले जात. त्यांचे वडील तेथील बेल स्प्रिंग्ज डेअरीत यंत्रे सांभाळत, आणि वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत प्रवेश मिळण्यापूर्वी ड्वाइट यांनीही त्याच डेअरीत बर्फाच्या लाद्या ओढण्यापासून रात्रपाळीच्या देखरेखीपर्यंतची कामे केली. १९१५ साली ते अधिकारी झाले आणि मग आपल्याकडील फौजी कुटुंबांप्रमाणेच त्यांचेही बिऱ्हाड पाठीवर आले. स्वतःच्या मालकीचे पहिले घर घेतले ते १९५० साली, जनरल साठीला आल्यावर. पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्गजवळची ही १८९ एकरांची जागा अमेरिकी यादवी युद्धातील प्रसिद्ध रणभूमीला लागूनच होती आणि तो परिसर त्यांच्या ओळखीचा होता. १९१८ मध्ये तेथेच त्यांनी रणगाडा दलाची प्रशिक्षण छावणी चालवली होती, तीही सुरुवातीला एकही रणगाडा हाताशी नसताना!

जमीन थकलेली होती. ती आपल्याला मिळाली त्यापेक्षा चांगल्या अवस्थेत मागे ठेवायची, हे त्यांनी ठरवले आणि पुढे जातिवंत ॲबरडीन अँगस गुरांची पैदास सुरू केली. स्कॉटलंडमधील ही काळी, बिनशिंगी जात मांसासाठी पाळली जाते, हे आपल्याकडील अनेकांना रुचणार नाही. खिलारच्या शिंगांची ऐट पाहत वाढलेल्या मलाही ती जनावरे पहिल्यांदा चित्रात पाहिली तेव्हा बोडकी वाटली होती. पण वंशावळ जपणे, वळू पारखणे, प्रदर्शनासाठी जनावर तयार करणे ही कामे कोणत्याही जातीसाठी तितकीच कष्टाची असतात, आणि जनरल त्यांत मनापासून रमले होते. शेताचा कारभार त्यांनी सोपवला तोही आर्थर नेव्हिन्स या निवृत्त ब्रिगेडियर जनरलकडे. श्रीमंत मित्रांकडून शेतासाठी जनावरे आणि अवजारे भेट म्हणून स्वीकारल्याबद्दल राष्ट्राध्यक्षपदी असताना त्यांच्यावर टीका झाली होती. ती टीका मला अस्थानी वाटत नाही. सामान्य शेतकऱ्याला अशा भेटी कोण देणार?

डिसेंबर १९५६ मध्ये पंडित नेहरू, १९५९ मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि १९६० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल या शेतावर येऊन गेले. पाहुण्यांना आपली गुरे दाखवण्याची जनरलना हौस होती. शीतयुद्धाच्या त्या काळात परिषदेच्या टेबलावर अवघडून बसणारी माणसे जनावरांसमोर थोडी सैल होतात, असा त्यांचा होरा असावा. गुरांच्या बाजारात उभे राहिलेल्या कोणालाही तो पटेल.

एक तपशीलही नोंदवावासा वाटतो. निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी १९५२ साली लष्करी पदाचा राजीनामा दिला होता. १९६१ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून त्यांना पंचतारांकित जनरलचा दर्जा परत दिला. माजी अध्यक्ष म्हणवून घेण्यापेक्षा ‘जनरल’ ही हाक त्यांना अधिक आवडे. तेव्हा आपल्या लेखात सर्वत्र आलेला ‘माजी राष्ट्राध्यक्ष’ हा उल्लेख चुकीचा नसला, तरी खुद्द त्यांना तो दुय्यम वाटला असता. १९६७ मध्ये त्यांनी ते शेत राष्ट्राला देऊन टाकले आणि २८ मार्च १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. सैनिकांसाठीच्या साध्या सरकारी शवपेटीत, अंगावर लष्करी गणवेश असलेला त्यांचा देह रेल्वेने ॲबिलीनला नेण्यात आला आणि तेथेच त्यांचे दफन झाले.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी,
सांगली