हॉस्पिसआधी घरपोच सेवा हवी

असाध्य आजाराच्या रुग्णांसाठी रत्नागिरीत हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांत वेदना कमी करून शुश्रूषा करणारे केंद्र, उभारावे, ही आपल्या रविवारच्या अग्रलेखातील सूचना वाचली. हेतू चांगला आहे, पण क्रम चुकतो. मंडणगडच्या टोकाच्या वाडीतून रत्नागिरी गाठायला अर्धा दिवस जातो. त्याआधी पाखाडी उतरून रुग्णाला डोलीने रस्त्यावर आणायचे ते वेगळेच. केरळने २००८ मध्ये अशा रुग्णांच्या शुश्रूषेचे धोरण आखून स्थानिक स्वराज्य संस्थांना या कामात उतरवले. तिथे परिचारिका घरी येऊन जखम धुते, नळी बदलते, कूस कशी पालटायची ते घरच्यांना दाखवते. आपल्याकडे मुलगे मुंबईला आणि उशाशी सत्तरीची बायको. तिला हे कोण शिकवणार?

मॉर्फिन या तीव्र वेदना शमवणाऱ्या औषधाचेही तेच. अमली पदार्थ कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सोपे झाले. तरी 'सवय लागेल' म्हणून घरचेच गोळी देत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांच्या सोबत्याला कसली आली सवय!

प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मॉर्फिन, दोन प्रशिक्षित परिचारिका आणि एक गाडी एवढे आधी द्यावे. इमारतीचे नंतर बघता येईल.

– एक वाचक, दापोली