इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा फिरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुंजभौतिकीच्या शंभर वर्षांवर गेल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. मराठी वृत्तपत्राने या विषयाला अर्धे पान दिले याचे मनापासून कौतुक वाटते. मात्र 'इलेक्ट्रॉन स्वतःभोवती भोवऱ्यासारखा गरगर फिरतो' एवढ्या एका वाक्यात लेखाने स्पिन (इलेक्ट्रॉनसारख्या कणांचा एक अंगभूत गुणधर्म) उरकला आहे. ते वाक्य चुकीचे आहे आणि त्यावरची शंका स्पिनच्या कल्पनेइतकीच जुनी आहे.

मी स्वतः ३० वर्षे बारावीच्या वर्गात टेबलावर भोवरा फिरवूनच स्पिन शिकवला. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, भोवरा शेवटी कलंडतो. मग इलेक्ट्रॉन कधीच कसा थांबत नाही?" पोर्शन उरला होता, घंटा व्हायला पाच मिनिटे होती. 'हे परीक्षेला येत नाही' असे सांगून मी तिला खाली बसवले. ते आजही मनाला लागून आहे, म्हणूनच हे पत्र.

जानेवारी १९२५ मध्ये राल्फ क्रोनिग हा २० वर्षांचा तरुण जर्मनीतल्या ट्युबिंगनला आला होता. भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली यांचे एक पत्र तिथे त्याच्या वाचनात आले. अणूतल्या इलेक्ट्रॉनची अवस्था सांगायला तीन आकडे पुरत नाहीत, चौथा आकडा (पुंजांक) लागतो आणि त्याच्या दोनच किमती असतात, असा त्यातला विचार होता. इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरत असेल तर हे जुळते, हे क्रोनिगला सुचले आणि त्याच दुपारी त्याने गणितही मांडले. पाउली तेव्हा अवघे २४ वर्षांचे, पण त्यांच्या टीकेचा दरारा मोठा. कल्पना चतुर आहे, पण निसर्गाशी तिचा संबंध नाही, असे त्यांनी सुनावले. क्रोनिगच्या गणितात अणूच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषांमधले अंतर प्रत्यक्षात दिसते त्याच्या दुप्पट येत होते, ही अडचणही होतीच. त्याने ते छापले नाही.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत हॉलंडमधल्या लायडनला उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांना तेच सुचले. त्यांचे गुरू एरेनफेस्ट यांनी छोटे टिपण लिहून घेतले आणि वयोवृद्ध भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झना विचारायला सांगितले. लोरेंट्झ यांनी आकडेमोड करून दाखवली की असा इलेक्ट्रॉन खरोखर फिरत असेल, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाच्या कितीतरी पट भरतो. (इलेक्ट्रॉनची जुनी त्रिज्या घेऊन मीही करून पाहिले, शंभर पटींहून अधिक येतो.) दोघे घाबरून टिपण मागे घ्यायला गेले. एरेनफेस्ट म्हणाले, ते केव्हाच पाठवले. तुम्ही तरुण आहात, एखादा मूर्खपणा तुम्हाला परवडेल! नोव्हेंबरमध्ये ते छापून आले. पुढच्याच वर्षी ल्यूएलिन थॉमस यांनी त्या दुपटीचा गुंता सापेक्षतेच्या आधारे सोडवला, तेव्हा पाउलीही वळले. १९२७ मध्ये स्पिनचे गणित बसवले ते त्यांनीच.

गंमत म्हणजे पुरावा आधीच हाती आला होता. फेब्रुवारी १९२२ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रयोगशाळेत स्टर्न आणि गेर्लाख यांनी चुंबकातून सोडलेला चांदीच्या अणूंचा झोत दुभंगला होता. दोन भागांतले अंतर जेमतेम ०.२ मिलिमीटर. सुरुवातीच्या एका खेपेला झोत जिथे आदळत होता त्या काचेवर काहीच दिसेना. स्टर्न काच हातात धरून निरखत असताना हळूहळू काळी रेघ उमटू लागली. ते स्वस्तातले सिगार ओढत, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडली, अशी आठवण त्यांनी सांगितली आहे. गेर्लाख यांनी झोताचे छायाचित्र असलेले पोस्टकार्ड नील्स बोर यांना पाठवून त्यांच्या अणूविषयीच्या सिद्धान्ताला पुष्टी मिळाल्याबद्दल अभिनंदन केले. प्रत्यक्षात त्या काचेवर उमटला होता इलेक्ट्रॉनचा स्पिन, आणि हे लक्षात यायला काही वर्षे गेली.

लेखात भारताचा उल्लेख नाही, तोही हवा होता. प्रकाशकणालाही स्पिन असल्याचा प्रायोगिक पुरावा सी. व्ही. रामन आणि भगवंतम यांनी १९३१ साली मांडला होता.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी असे द्यायला हवे होते: इलेक्ट्रॉन थांबत नाही, कारण तिथे काही फिरतच नाही. वस्तुमान आणि विद्युतभार जसे त्याचे अंगचे, तसाच स्पिन. त्याला कोनीय संवेग (फिरत्या वस्तूला असतो तसा संवेग) आहे, चुंबकत्व आहे, पण गिरकी नाही. भोवरा एक पूर्ण वळसा घेऊन मूळ स्थितीत येतो. इलेक्ट्रॉन किंवा न्यूट्रॉनसारख्या अर्धा स्पिन असलेल्या कणाची अवस्था जशीच्या तशी परत यायला दोन वळसे लागतात, आणि १९७५ मध्ये न्यूट्रॉनवर हे प्रयोगाने दाखवलेही गेले.

येत्या रविवारी एवढी दुरुस्ती चौकटीत छापावी आणि त्यात क्रोनिगचे नाव आवर्जून द्यावे, ही विनंती. आपल्या पुरवणीची कात्रणे मुले वहीत चिकटवतात, हे मी वर्गात पाहिले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, सांगली