बिनबियांच्या द्राक्षांच्या जिल्ह्यात बियांचा अर्क

संपादक महोदय,

द्राक्षबियांच्या अर्काची कॅप्सूल विकताना कोणी तासगाव-मिरजेच्या द्राक्षांचं नाव पुढं केलं, तर ग्राहकानं आधी विचारावं : बी आणली कुठून? आपल्या बागा थॉमसन, सोनाका, माणिक चमन, शरद या वाणांच्या, आणि ही सगळी द्राक्षं बिनबियांची. त्यामुळे रोज मूठभर बेदाणे खाऊनही बियांचा अर्क पोटात जात नाही. अर्काला लागते ती मुख्यतः वाइनच्या द्राक्षांची बी. चोथ्यातून ती निवडून वाळवतात, पाणी व अल्कोहोलमध्ये तिचा अंश उतरवतात आणि गाळून, आटवून तांबूस, तुरट पावडर करतात.

तिच्यातला कामाचा घटक प्रोअँथोसायनिडिन. चांगल्या मालावर त्याचं प्रमाण छापलेलं असतं, बहुधा 80 ते 95 टक्के. नुसतं ‘द्राक्षबी पावडर 500 मिलिग्रॅम’ लिहिलं असेल तर ती दळलेली बी असू शकते. बियांच्या तेलातही हा घटक जवळजवळ नसतो.

खरी काळजी भेसळीची आहे. शेंगदाण्याच्या लाल फोलपटांतही याच कुळातले पदार्थ असतात आणि ती स्वस्त मिळतात. नुसतं ‘एकूण पॉलिफेनॉल’ (म्हणजे या सगळ्या कुळाचं एकत्रित प्रमाण) मोजलं तर हा माल सहज पास होतो. एचपीएलसी व मास स्पेक्ट्रोमेट्री या, घटक वेगळे करून ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत मात्र तो पकडला जातो, कारण शेंगदाण्यातल्या प्रोसायनिडिनच्या (प्रोअँथोसायनिडिनचाच एक प्रकार) रेणूंची जोडणी ‘A’ प्रकारची असते, द्राक्षबीतल्याची मुख्यतः ‘B’ प्रकारची. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ही भेसळ जिवावर बेतू शकते.

अभ्यासांत बहुतेकदा दिवसाला 100 ते 300 मिलिग्रॅम अर्क दिला गेला. रक्तदाब थोडासा उतरल्याचं काहींत दिसलं, पण तेवढ्यावर बीपीची गोळी बंद करणं धोक्याचं आहे. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल किंवा अ‍ॅस्पिरिन ही रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील तर रक्तस्राव वाढण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी थांबवावा. गरोदर व स्तनदा मातांनी टाळावा. लोहाची गोळी आणि हा अर्क यांत दोन-तीन तासांचं अंतर हवं, नाहीतर अर्कातल्या तुरट टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही. (आपल्याकडच्या बायकांमधला अ‍ॅनिमिया पाहता हे दुकानदारानं आपणहून सांगायला हवं.)

डबीवर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना पाहावी. मधुमेह बरा होतो, असा दावा छापलेली डबी दुकानदारांनी ठेवूच नये. घाऊक माल घेताना त्यांनी त्या बॅचचा एचपीएलसी अहवाल मागावा आणि ग्राहकानं विचारल्यास दाखवावा.

– द्राक्षप्रक्रिया व औषधनिर्माण क्षेत्रातील वाचक, सांगली