क्लासवाल्यांनो, बेरजेच्या पुढचं पण शिकवा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी यावल तालुक्यातला, बी.ए. मराठी, केळीच्या एका व्यापाऱ्याकडे हिशोब लिहितो. कॉम्प्युटर क्लास केला होता, तिथं टायपिंग, अक्षर ठळक करणं, बेरीज, अन् सर्टिफिकेट हातात, झालं. पण इथं रोज रात्री गाडी भरून गेली की प्रत्येक शेतकऱ्याची पावती वेगळी बनवायची, वजन, भाव, उचल वजा, सगळं कॉपी-पेस्ट, अन् जेवण थंडगार.

एका पुतण्यानं सांगितलं, काका, गूगल शीटमधे (म्हणजे हिशोबाच्या ऑनलाइन तक्त्यात) एक्स्टेन्शन्स मेनूत जा, तिथं अ‍ॅप्स स्क्रिप्ट आहे, स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या सूचना, त्यावरून तो पावत्या आपोआप बनवतो, फुकट आहे. उघडलं तर नुसते कंस अन् इंग्रजी. तरी पहिली चार ओळींची स्क्रिप्ट जुळवली, रन दाबलं तर गूगलच म्हणतं हे अ‍ॅप आम्ही तपासलेलं नाही, मी घाबरून लॅपटॉप मिटला, म्हटलं खात्यातले पैसे गेले! नंतर कळलं की ते अ‍ॅप म्हणजे माझीच स्क्रिप्ट, परवानगी मीच मला द्यायची.

खरी फजिती पुढं. शीटमधे ओळी १ पासून मोजतात, पण सगळा डेटा स्क्रिप्टमधे घेतला की तिथली मोजणी ० पासून. मी नाव डेटातून उचललं अन् रक्कम त्याच नंबरनं शीटमधून, म्हणजे एक ओळ वरची. पहिल्या पावतीवर पैशाच्या जागी नुसतं 'रक्कम' असं हेडिंग छापलं, अन् पुढच्या प्रत्येकाला वरच्याचे पैसे. पावत्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या पण होत्या. एकाचा फोन, "का रे भो, माझे पंधरा घड अन् पैसे गाडीभर केळीचे, चुकून दिले का खुशीनं?" ज्याला कमी दिसले त्याचं बोलणं इथं छापता येणार नाही.

शेवटी नंबरात १ मिळवला अन् जमलं. म्हणजे गणित कच्चं असून चालतं (माझं दहावीला काठावरचं), पण ही ० ची भानगड मराठीत सांगणारं कोणीतरी पाहिजे होतं. आपल्याकडं क्लास कमी नाहीत, सावदा-फैजपूरला बोर्डच बोर्ड. त्यांनी शेवटचे आठ दिवस तरी ज्याच्या त्याच्या धंद्याची शीट घेऊन एखादी स्क्रिप्ट करून घ्यावी, कापूसवाल्याची कापसाची, दूधवाल्याची दुधाची. अन् तुमच्या पेपरात आठवड्याला एक कोपरा दिला तर माझी चुकलेली स्क्रिप्ट पहिली छापा, माझी हरकत नाही.

आपला,
एक हिशोबनीस, ता. यावल, जि. जळगाव